स्पॉन्सर करत नाही हे तिसऱ्या राउंडला का सांगता?

काल एका नोकरीच्या इंटरव्ह्यूचा तिसरा राउंड झाला आणि मी अजून धुमसतेय. रात्रभर झोप नाही, म्हणून सरळ लिहूनच टाकते.

लंडनमधलं आर्किटेक्टचं ऑफिस, तीस-चाळीस माणसांचं, शाळा आणि हाउसिंगची कामं करणारं. पहिला राउंड एचआरचा, दुसरा दोन असोसिएटबरोबर, मग टेस्ट. टेस्ट काय, तर एका शाळेच्या एक्स्टेन्शनमधला जिना, रेव्हिट या सॉफ्टवेअरमधे मॉडेल करायचा आणि १:२० चा सेक्शन, दोन शीट. तीन-चार तासांचं काम आहे म्हणाले होते. मला अख्खा शनिवार आणि रविवारची दुपार लागली, कारण त्यांच्या नियमाप्रमाणे रायझर, म्हणजे पायरीची उंची, १७० मिमीच्या वर न्यायचा नाही, आणि तो तसा बसवला की लँडिंग, म्हणजे जिन्याचा मधला सपाट टप्पा, बरोब्बर खिडकीच्या मधोमध येत होतं, आणि ते तसंच ठेवून शीट पाठवून द्यायला माझा हात होईना. शेवटी जिना फिरवला, एक फ्लाइट लहान केली, लँडिंग खिडकीच्या सिलखाली आणलं, हेडरूम परत तपासली, सगळे डायमेन्शन परत टाकले.

तिसऱ्या राउंडला डायरेक्टर स्वतः होता. त्याने माझं शीट स्क्रीनवर उघडलं, लँडिंगवर झूम केलं आणि म्हणाला हे छान सोडवलंस, आलेल्या बाकी कुणी खिडकीकडे बघितलंच नाही. मग पाऊण तास आम्ही बोललो, नोटीस पिरियड किती, कधी जॉइन होऊ शकशील, कुठल्या टीममधे बसशील, इथपर्यंत. मला वाटलं झालं काम. आणि शेवटच्या पाच मिनिटांत विचारतो, बाय द वे, तुझं व्हिसा स्टेटस काय?

अरे, माझ्या सीव्हीच्या पहिल्या पानावर लिहिलंय ते! नावाच्या खालच्याच ओळीत! पहिल्या फोनवर एचआरच्या बाईला मी तोंडाने सांगितलं होतं की मला स्पॉन्सरशिप लागेल, म्हणजे माझ्या कामाच्या व्हिसासाठी कंपनीला स्पॉन्सर व्हावं लागेल, ती म्हणाली हो हो, नोट केलंय. आणि हा डायरेक्टर म्हणतो, ओह, आम्ही सध्या स्पॉन्सर करत नाही, सॉरी, पण तुझं काम खरंच आवडलं. काम आवडलं तर मी त्याचं काय करू आता? दोन दिवस गेले, तीन इंटरव्ह्यूसाठी हाफ डे टाकले, आताच्या ऑफिसात खोटी कारणं सांगितली, आणि ही एक ओळ जाहिरातीत टाकायची होती. एक ओळ.

नाही म्हणाले याचा राग नाही मला. हे नीट समजून घ्या, कारण लोक लगेच म्हणतात की कुणी तुझं देणं लागतो का. नाही लागत. ऑफिस त्यांचं, पैसा त्यांचा. राग याचा आहे की हे उत्तर त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि माझी दीड महिन्याची मेहनत घेऊन झाल्यावर त्यांनी ते सांगितलं.

आणि जे फॉर्मवर विचारतात त्यांची वेगळीच तऱ्हा. तुम्हाला आता किंवा भविष्यात कधी स्पॉन्सरशिप लागेल का, हो किंवा नाही. हा प्रश्न शेवटच्या पानावर असतो, म्हणजे आधी सगळा सीव्ही परत हाताने टाइप करायचा, कव्हर लेटर जोडायचं, पोर्टफोलिओ १० एमबीच्या आत बसवायचा. आर्किटेक्ट नसलेल्यांना हे कळणार नाही, पण दहा एमबी म्हणजे छळ आहे. फाइल कॉम्प्रेस केली की बारीक लाइनवेट फुटतात, हॅचचा नुसता काळा गोळा होतो, ज्या डिटेलसाठी रात्री जागलो ते वाचताच येत नाही. मी एकदा नऊ वेळा एक्स्पोर्ट करून ९.८ एमबीला आणला, सबमिट केला, 'हो' वर टिक केली आणि चार मिनिटांत नकाराचा मेल. चार मिनिटं! त्यात लिहिलेलं, तुमचा अर्ज आम्ही काळजीपूर्वक वाचला. रात्री साडेअकराला कोण वाचत होतं? पोर्टफोलिओ कुणी उघडलाच नाही, त्या एका टिकवर सिस्टिमने फेकून दिला. मग तो प्रश्न पहिल्या पानावर ठेवा ना, मी तिथेच थांबेन, तुमचाही वेळ वाचेल.

लोक सल्ला देतात, अगं ब्रिटनची लायसन्स असलेल्या स्पॉन्सरची यादी असते, त्यातून शोध. शोधली. सरकारी साइटवरून डाउनलोड होते, एक लाखाच्या वर नावं आहेत, आणि त्यात कंपनी काय काम करते तो कॉलमच नाही. नाव, गाव, रेटिंग, व्हिसाचा रूट, बास. मग मी 'आर्किटेक्ट' शब्द सर्च केला, 'स्टुडिओ' सर्च केला, 'डिझाइन' सर्च केला, त्यात किचनवाले आले, वेबसाइटवाले आले, एकेक नाव उघडून बघायचं. आणि इतकं करून ज्यांचं लायसन्स आहे त्यांना मेल टाकला की उत्तर येतं, ते आम्ही आमच्या आधीच्या एका स्टाफसाठी घेतलं होतं, नवीन कुणाला नाही. म्हणजे यादीत नाव असणं आणि तुम्हाला स्पॉन्सर करणं याचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला तीन महिन्यांनी कळलं.

आता आकड्यांचं बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. ब्रिटनमधे आर्किटेक्ट हा पेशा एप्रिल २०२४ पर्यंत शॉर्टेज लिस्टवर होता, म्हणजे माणसं कमी आहेत असं तिथलं सरकारच म्हणत होतं. एप्रिल २०२४ ला ती लिस्टच काढून टाकली, जी नवीन आणली त्यात आर्किटेक्ट नाही. त्याच महिन्यात स्किल्ड वर्कर, म्हणजे तिथल्या कामाच्या व्हिसाचा, किमान पगार वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० झाला, आणि जुलै २०२५ ला ४१,७००. शिवाय प्रत्येक पेशाच्या कोडचा आपला वेगळा रेट असतो, दोन्हीतला जो जास्त तो द्यावा लागतो. आणि आमच्या धंद्यात पार्ट टू, म्हणजे तिथल्या आर्किटेक्टच्या शिक्षणाचा दुसरा टप्पा, झालेल्या मुलामुलींना पगार काय मिळतो? तीस हजारांच्या घरात! तिथल्याच पोरांना तेवढा मिळतो! म्हणजे एखाद्या ऑफिसने मनापासून ठरवलं तरी त्यांनी शेजारच्या डेस्कवरच्या माणसापेक्षा मला दहा हजार जास्त द्यायचे, तेच काम करायला. कोण देईल? मी त्या जागी असते तर मीही दिले नसते.

नव्यांसाठी सूट आहे म्हणतात, त्यांना ३३,४०० पगार चालतो. सव्वीसच्या आतले, किंवा नुकतं तिथे शिकून निघालेले, किंवा प्रोफेशनल रजिस्ट्रेशनच्या वाटेवर असलेले. आहे, खरंय. पण ती एकूण चारच वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे तिथे शिकून झाल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर, काढलेला वेळही त्यातच धरतात. आणि कितीतरी छोट्या ऑफिसांना ही सूट आहे हेच माहीत नसतं, मी इंटरव्ह्यूमधे त्यांना त्यांच्याच देशाचा नियम समजावून सांगते आणि समोरची बाई माझ्याकडे अशी बघते जणू मी काहीतरी पळवाट काढतेय.

आर्किटेक्चरची ऑफिसं छोटी असतात हो, मला कळतं ते. पाच-सात माणसं, प्रोजेक्ट थांबला की दोघांना घरी पाठवावं लागतं. त्यांनी लायसन्स काढायचं, स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटचे पैसे भरायचे, वर सरकारला प्रत्येक वर्षाचा स्किल्स चार्ज, मोठ्या कंपनीला तो वर्षाला हजार पौंडांच्या वर जातो. मी एका ठिकाणी म्हटलं, मी भरते तो चार्ज, माझ्या पगारातून कापा. तर तेही चालत नाही, तो उमेदवाराकडून घ्यायला नियमानेच बंदी आहे. नियम कामगाराला लुटू नये म्हणून आहे आणि तो बरोबरच आहे, पण त्या दिवशी मला रडू आलं.

बरं, ब्रिटन सोडा म्हणाल. नेदरलँड्स बघितलं. तिथे व्हिसाच्या पगाराची अट वयावर आहे. २०२५ मधे तिशीच्या आत असाल तर महिन्याला ४,१७१ युरो पगार लागायचा, तिशी झाली की ५,६८८. आता हिशोब करा. पाच वर्षांची डिग्री, पुढे मास्टर्स केलं तर दोन, मधे साइटवर आणि ऑफिसात तीन-चार वर्षं, कारण अनुभवाशिवाय तर कुणी विचारत नाही. तिशी येतेच! ज्या वर्षी तुम्ही एखाद्या बिल्डिंगची वर्किंग ड्रॉइंग एकट्याने काढण्याइतके तयार होता, त्याच वर्षी तुम्ही एका वाढदिवसाने दीड हजार युरोने महाग होता. हा आकडा कुणाचा पगार डोळ्यापुढे ठेवून ठरवलाय? सॉफ्टवेअरवाल्यांचा. आर्किटेक्टचा तर नक्कीच नाही.

अमेरिकेचं तर नावच काढू नका. एच-वन-बी, म्हणजे तिथला कामाचा व्हिसा, सगळ्या पेशांना मिळून वर्षाला ६५,००० आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी अजून २०,०००, त्याची लॉटरी. आता तीही पगाराच्या लेव्हलप्रमाणे, वरच्या लेव्हलला चार चिठ्ठ्या, खालच्याला एक, आणि आमचे नवे लोक कुठल्या लेव्हलला असतात ते सांगायला नको. वर सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नवीन माणूस आणायचा तर कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. माझी एक मैत्रीण तिथे शिकून राहिली होती. तिच्या मास्टर्सचा कोड (तिथे प्रत्येक कोर्सला एक सरकारी नंबर असतो) साध्या आर्किटेक्चरचा, म्हणून तिला शिक्षणानंतर कामाला बारा महिने. तिच्याच मजल्यावरच्या बिल्डिंग सायन्सवाल्या मुलाचा कोड स्टेममधे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, त्याला वर आणखी चोवीस. दोघं एकाच लॅबमधे डेलाइटचं मॉडेल चालवत होते. प्रवेश घेताना तिला कुणी सांगितलंच नाही की कोडमधले काही आकडे बदलले की आणखी दोन वर्षं मिळतात.

जर्मनीवर मात्र मी चिडत नाही, आणि का ते सांगते. ब्लू कार्ड, म्हणजे तिथला कामाचा व्हिसा, त्याची पगाराची अट तिथेही आहे, २०२५ ला साधारण ४८,३०० युरो, पण आर्किटेक्ट कमी असलेल्या पेशांत धरतात म्हणून ४३,७६० च्या आसपास चालायचा. तोही नव्या माणसाला सोपा नाही. पण जाहिरातीत वरतीच लिहिलेलं असतं, जर्मन भाषेची सी-वन पातळी पाहिजे, अमुक ते अमुक लाइस्टुंग्सफाझंचा, म्हणजे प्रोजेक्टच्या टप्प्यांचा, अनुभव पाहिजे. माझं जर्मन बी-वन आहे, म्हणजे बरंच खाली. मी वाचते, बंद करते, क्लासला जाते. कुणी माझा वीकेंड खाल्ला नाही, कुणी माझ्या जिन्याचं कौतुक करून दार लावलं नाही. मला एवढंच पाहिजे.

आणि या सगळ्यावर ते चोर आहेत जे मेसेज करतात, मॅडम, गॅरंटीड स्पॉन्सरशिप, इतके पैसे भरा, सर्टिफिकेट आम्ही आणून देतो. नोकरीच नसते हो त्यामागे! माणूस सहा-आठ महिने नकार खाऊन इतका थकलेला असतो की एखाद्या रात्री त्यालाही हो म्हणावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं एकदा, नंबर सेव्ह केला होता.

आणि कृपा करून मला कुणी सांगू नका की अजून अप्लाय कर, पोर्टफोलिओ सुधार, नेटवर्किंग कर. माझ्या शीटमधे आहे सगळं, १८६ ठिकाणी अर्ज केलेत, तारीख, शहर, काय उत्तर आलं, व्हिसाचा प्रश्न कितव्या पायरीवर आला. शेवटचा कॉलम मी मुद्दाम केला. अकरा ठिकाणी मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या राउंडपर्यंत पोचले, त्यातल्या सात ठिकाणी कामाबद्दल एक वाईट शब्द नाही, फक्त व्हिसा. सातही जाहिरातींत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

आज सकाळी मी त्या डायरेक्टरला मेल टाकला. शिव्या नाही घातल्या. लिहिलं की तुमचा निर्णय मान्य आहे, पण जाहिरातीत 'आम्ही स्पॉन्सर करत नाही' एवढी ओळ घाला, म्हणजे पुढच्या मुलीचा शनिवार-रविवार वाचेल, आणि टेस्टसाठी काढलेलं माझं ड्रॉइंग कुठेही वापरू नका. दुपारी उत्तर आलं, फीडबॅकबद्दल आभार, एचआरला कळवतो.

आत्ता लिहिता लिहिता परत जाऊन बघितलं. जाहिरात आहे अजून तिथेच, सकाळी रिपोस्ट केलीय, वर नवीन तारीख पडलीय. ओळ नाही. खाली अर्जांचा आकडा दोनशेच्या वर गेलाय.