‘स्नो द प्रॉडक्ट’च्या कारकिर्दीविषयी : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

‘स्नो द प्रॉडक्ट’ या रॅपगायिकेवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि तो का पटला नाही हे सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. ती कॅलिफोर्नियातील सॅन होजेची आहे आणि तिच्या संगीतात ईस्ट लॉस एंजेलिसच्या रॅपची कोणतीही खूण नाही, त्यामुळे तिला चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, परंपरेत बसवणे ओढूनताणून केलेले आहे, हा पहिला आक्षेप. अटलांटिकसारख्या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे सहा वर्षे राहूनही जिचा एक पूर्ण अल्बम निघाला नाही, तिच्या कारकिर्दीला यशस्वी म्हणणे हे केवळ ती स्त्री असल्यामुळे दिलेले सवलतीचे गुण आहेत, हा दुसरा. आणि धेडगुजरी भाषेत वेगाने शब्द फेकणे म्हणजे काव्य नव्हे, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातील निम्मे मला मान्य आहे. चिकानो रॅप हा शब्द एका विशिष्ट ध्वनीसाठी वापरला जातो. जुन्या सोल गाण्यांचे तुकडे, संथ ताल, जड बेस आणि लोरायडर, म्हणजे जमिनीलगत उतरवून सजवलेल्या, गाड्या ही त्याची ओळख आहे. किड फ्रॉस्ट या रॅपगायकाने 1990 मध्ये ‘ला रासा’ हे गाणे केले तेव्हा ‘एल चिकानो’ या वाद्यवृंदाची ‘विवा तिरादो’ ही जुनी धून त्याखाली घातली होती, आणि पुढची दहापंधरा वर्षे त्या वाटेने अनेकजण गेले. स्नोचे संगीत त्या घराण्यातले नाही आणि लेखात मी हा फरक स्पष्ट करायला हवा होता. मात्र सॅन होजे हे गाव या परंपरेच्या बाहेरचे आहे, असे जे आपण गृहीत धरले आहे ते मला मुळीच मान्य नाही. शेतमजुरांचे नेते सेसार चावेस 1952 मध्ये सामाजिक कार्यात ओढले गेले ते याच शहराच्या पूर्वेकडील ‘साल सी पुएदेस’ या वस्तीतून. त्या नावाचा अर्थ ‘निघता आले तर नीघ’ असा होतो. आणि ज्या गाड्यांना आपण ईस्ट लॉस एंजेलिसची निशाणी मानता, त्यांना वाहिलेले ‘लोरायडर’ हे मासिक 1977 मध्ये सॅन होजेतच सुरू झाले होते.

या शहरात 1987 मध्ये मेक्सिकोतून आलेल्या आईवडिलांच्या पोटी क्लाउडिया अलेक्सांद्रा माद्रीस मेसा जन्माला आली. लहानपणी ती मारियाची, म्हणजे मेक्सिकोच्या पारंपरिक वाद्यवृंदाची, गाणी गात असे, म्हणजे तिच्या कानावर घरात पडलेले पहिले संगीत स्पॅनिश होते आणि शाळेतले व रस्त्यावरचे इंग्रजी. पुढे ती सॅन दिएगोला गेली, तिथून टेक्सासला. हे सारे सांगण्याचे कारण तिसऱ्या आक्षेपाशी निगडित आहे, म्हणून क्रम सोडून त्याकडे आधी वळतो.

‘धेडगुजरी’ हा शब्द आपण सहज वापरला असणार, पण त्याच्या पोटात एका जातीविषयीची जुनी हेटाळणी आहे आणि म्हणून मी तो टाळतो. योगायोग असा की, मेक्सिकोत अमेरिकी वळणाची मोडकी स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला ‘पोचो’ म्हणतात आणि तोही हिणवणारा शब्दच आहे. सीमेच्या अलीकडे उच्चारांवरून परके ठरायचे आणि पलीकडे गेल्यावर पोचो म्हणून हसे व्हायचे, या कात्रीत चिकानो समाजाच्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्यांनी भाषांची जी सरमिसळ केली ती आळसाने केली नाही. 1940 च्या दशकातील पाचुको, म्हणजे ढगळ सूट घालणाऱ्या बंडखोर मेक्सिकन-अमेरिकन, तरुणांची ‘कालो’ ही बोली अशीच मिश्र होती, आणि किड फ्रॉस्टच्या त्या गाण्यातही तीच बोली आहे. तेव्हा ज्या गोष्टीला आपण दोष म्हणता, तोच तिला या परंपरेशी जोडणारा धागा आहे. ताल बदलला, वाद्ये बदलली, पण वाक्याच्या मध्यावर भाषा पालटण्याची रीत तिने सोडली नाही.

ती रीत केवळ सवयीची आहे की कसबाची, हे पाहण्यासाठी ‘हॅमिल्टन’ या संगीतनाटकावर आधारलेल्या 2016 च्या ‘हॅमिल्टन मिक्सटेप’ या संग्रहातील ‘इमिग्रंट्स’ या गाण्यातले तिचे कडवे पुन्हा ऐकावे, अशी विनंती आहे. त्या गाण्यात सोमाली-कॅनेडियन केनान, पाकिस्तानी मुळांचा ब्रिटिश रिझ एमसी आणि पोर्तो रिकोचा रेसिदेंते हे तिघे आहेत. स्नो कडव्याची सुरुवात इंग्रजीत करते, मग जाग आल्याची आणि गजर केव्हाच वाजल्याची गोष्ट स्पॅनिशमध्ये सांगते, आणि तिथून पुढे एक ओळ इकडची, एक तिकडची अशी चालते. यमके मात्र स्पॅनिश शब्दांवर बांधलेली आहेत : वागोस, दातोस, सापातोस. पहिल्याचा अर्थ ऐतखाऊ, दुसऱ्याचा माहिती, तिसऱ्याचा बूट. ‘आमच्या बुटांत चालून पाहा’ अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार ती इंग्रजीत उच्चारते आणि लगेच श्रोत्याला स्पॅनिशमध्ये बुटांचे बंद आवळायला सांगते. ज्याला एकच भाषा येते त्याला हा विनोद अर्धाच कळतो. हा वेगाचा खेळ असता तर शब्द कुठेही पडले असते. इथे प्रत्येक उडी यमकाच्या जागेवर पडते. गाण्याच्या चित्रफितीला 2017 मध्ये एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये अन्यायाविरुद्धच्या लढ्यासाठी ठेवलेला पुरस्कार मिळाला, पण तो त्या विभागातील सर्वच नामांकितांना वाटून दिला गेला होता. म्हणून माझ्या लेखी त्या पुरस्कारापेक्षा या कडव्याचे वजन अधिक आहे.

आता कंपनीचा प्रश्न. 2011 मध्ये एका चित्रफितीमुळे आणि ‘अनऑर्थोडॉक्स’ या संग्रहामुळे तिचे नाव इंटरनेटवर गाजले, 2012 मध्ये अटलांटिकने तिला करारबद्ध केले आणि 2018 मध्ये ती तिथून बाहेर पडली. या काळात मिक्सटेप, म्हणजे अल्बमइतके औपचारिक नसलेले गाण्यांचे संग्रह, आले, 2016 मध्ये एक छोटा संग्रह आला, पूर्ण अल्बम आला नाही. ही वस्तुस्थिती आपण मांडलीत ती बरोबर आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. बड्या कंपनीच्या नेहमीच्या करारात कलावंताला आगाऊ रक्कम मिळते, ती त्याच्याच मानधनातून वसूल होते, ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे राहते आणि अल्बम केव्हा काढायचा हेही बहुधा कंपनीच ठरवते. एखादे सुटे गाणे गाजेपर्यंत अल्बम थांबवून ठेवणे हा तिथला जुनाच रिवाज आहे. त्यात अमेरिकेत इंग्रजी रॅप आणि लॅटिन संगीत यांची रेडिओ केंद्रे, याद्या आणि पुरस्कार वेगवेगळे आहेत. दोन्ही भाषांत एकाच वेळी बोलणारी गायिका कोणत्या फळीवर मांडायची, हा पेच कंपनीला सुटला नसावा, असा माझा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच घ्यावा.

अंदाज बाजूला ठेवला तरी पुढचा क्रम डोळ्यांसमोर आहे. बाहेर पडल्यावर ती स्वतंत्रपणे, आपल्या सोयीच्या गतीने गाणी काढू लागली. 2021 मध्ये अर्जेंटिनाचा निर्माता बिझारॅप याच्या प्रसिद्ध मालिकेतील 39 व्या सत्रात ती झळकली आणि स्पॅनिश जगात कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली. शकीराचे गाजलेले सत्र याच मालिकेत 2023 मध्ये आले. 2022 मध्ये ‘टू एनिव्हेअर’ हा तिचा अल्बम निघाला. ‘क्वीन ऑफ द साउथ’ या दूरचित्रवाणी मालिकेतही तिने भूमिका केली, ती माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली किरकोळ गोष्ट आहे. करार सुटल्यावर ज्यांचे नाव पुसले जाते अशा गायकांची यादी मोठी असते. तिच्या बाबतीत करार सुटल्यानंतरची वर्षे आधीच्या वर्षांहून भरघोस ठरली.

स्त्री म्हणून सवलत दिल्याच्या आरोपावर एवढेच म्हणतो की, या क्षेत्रात स्त्रीला सवलत मिळाल्याचे उदाहरण मला दिसत नाही. चिकानो रॅपच्या गाण्यांत स्त्रीचा आवाज दीर्घकाळ ध्रुवपदापुरता राहिला आणि तिचे छायाचित्र मुखपृष्ठावर गाडीशेजारी. कडवी पुरुषांची होती.

आपल्या पत्रातील एक मुद्दा मात्र मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि तो आपण जाता जाता लिहिलेल्या वाक्यात होता. लेखाच्या शीर्षकात मी तिला ‘चिकानो रॅपची पहिली राणी’ म्हटले होते. जेव्ही या गायिकेचा ‘नेबाहुड क्वीन’ हा अल्बम 1994 मध्ये आला, तेव्हा स्नो सात वर्षांची होती. आणि पुढच्या दशकात मिस क्रेझीने स्पॅनिश व इंग्रजीत कितीतरी गाणी केली. ‘पहिली’ आणि ‘राणी’ हे दोन्ही शब्द मी आज शीर्षकातून काढले आहेत आणि जेव्हीवर एक परिच्छेद नव्याने जोडला आहे.

आपला,
लेखक