‘मानेची नस 21 दिवसांत मोकळी’: एका संदेशाचा समाचार

गेल्या सोमवारी सकाळी चहा पिताना माझ्या काकांच्या उजव्या हातातून बशी निसटली. ‘फडके आण’ एवढेच त्यांना म्हणायचे होते, पण शब्द धड उमटेनात. आणि दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. डॉप्लर तपासणीत (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहतात ती) मानेतून मेंदूला रक्त नेणारी डावी कॅरोटिड धमनी 70 टक्क्यांहून अधिक अरुंद झाल्याचे दिसले आणि शल्यविशारदांनी लगोलग, धमनीत साठलेला थर काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली. त्याच संध्याकाळी आत्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, घरगुती काढ्याने मानेची नस 21 दिवसांत मोकळी होते असा एक संदेश पाठवला आणि तेव्हापासून काका ‘महिनाभर थांबून बघू’ म्हणत आहेत. ‘अनेक वेळा पुढे पाठवलेला’ अशी खूण असलेल्या त्या संदेशातले दावे एकेक करून पाहू.

‘हातातली बधिरता आपोआप गेली, तर मेंदूने स्वतःला दुरुस्त केले असे समजावे, घाई करू नये.’ संपूर्ण संदेशातले सर्वांत घातक वाक्य हेच आहे. धमनीच्या भिंतीत साठलेल्या मेदाच्या थरावरून सुटलेली बारीक गुठळी मेंदूकडे गेली आणि सुदैवाने लवकर विरघळली किंवा पुढे सरकली, एवढाच त्या दहा मिनिटांचा अर्थ. ती जिथून सुटली तो थर जिथल्या तिथेच आहे. एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा सरकल्यासारखे होते, तेही पुष्कळदा याच धमनीतून आलेल्या गुठळीमुळे. मोठ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो आणि म्हणूनच शस्त्रक्रियेचा फायदाही पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त मिळतो, पुढे तो घटत जातो. ‘21 दिवस काढा घेऊन बघा’ हा सल्ला नेमके हेच दोन आठवडे खाऊन टाकतो.

‘लसूण, आले, लिंबू, व्हिनेगर आणि मध यांच्या मिश्रणाने नस धुऊन निघते.’ धमनी म्हणजे मोरीचा पाइप नव्हे. मेद आणि कॅल्शियम यांचा तो थर रक्तवाहिनीच्या अस्तराखाली, भिंतीतच साठलेला असतो. आणि लिंबू कितीही पिळले तरी रक्ताची आम्लता शरीर हलू देत नाही.

‘मानेला रोज तेलाने दाबून मसाज करावा.’ हे वाचून मात्र माझा संयम सुटला. अशा रुग्णाची कॅरोटिड दाबायला डॉक्टरसुद्धा धजावत नाहीत, कारण त्याने गुठळी सुटू शकते.

‘रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद कराव्यात.’ अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे गुठळी धरू देत नाहीत, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन त्या थराला स्थिर ठेवते. शस्त्रक्रिया होवो वा न होवो, रक्तदाबावर नियंत्रण आणि तंबाखूबंदी यांच्यासह ही औषधे उपचाराचा पाया आहेत.

‘ऑपरेशनच्या टेबलावरच पक्षाघात होतो, हा सगळा धंदा आहे.’ यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अमेरिका आणि कॅनडामध्ये झालेल्या ‘नॅसेट’ या चाचणीचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. लक्षणे दिसलेल्या आणि 70 ते 99 टक्के अरुंदपणा असलेल्या 659 रुग्णांच्या त्या गटात शस्त्रक्रियेच्या सुमारास पक्षाघात किंवा मृत्यू ओढवलेले रुग्ण 5.8 टक्के होते. तरीही दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांत 26 टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत, टेबलावरचे पक्षाघात धरूनही, 9 टक्के निघाले. याचा अर्थ शस्त्रक्रिया झालेल्या दर सहा जणांमागे साधारण एकाचा पक्षाघात टळला. फरक इतका स्पष्ट होता की या गटापुरती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

मात्र हे आकडे काकांसारख्या रुग्णांचे आहेत. अरुंदपणा 50 टक्क्यांहून कमी असेल, तर शस्त्रक्रियेने फायदा होत नाही. धमनी पूर्ण बंद झाली असेल, तर सहसा ती करतच नाहीत. कसलेही लक्षण नसताना, केवळ आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘ब्लॉकेज’ सापडले म्हणून कुणी घाबरवत असेल, तर दुसरे मत जरूर घ्यावे, कारण अशा पुष्कळांना आजची औषधे पुरतात. स्टेंटचेही (धमनी आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचेही) तसेच: मानेवर छेद लागत नाही हे खरे, पण लक्षणे दिसलेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांत स्टेंट घालताना पक्षाघाताचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळला आहे. काका 74 वर्षांचे आहेत.

धंद्याची शंका असेल, तर शल्यविशारदांना सरळ विचारावे, की तुमच्या हातून झालेल्या अशा शस्त्रक्रियांत पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाण किती. लक्षणे असलेल्या रुग्णांत ते 6 टक्क्यांच्या आत असावे, अशी अपेक्षा असते. आम्ही विचारले आणि उत्तर समाधानकारक मिळाले. तारीख येत्या गुरुवारची आहे. बशी निसटली त्याला त्या दिवशी दहा दिवस होतील.