मिस ब्रिलची खरी फसवणूक
कॅथरीन मॅन्सफील्डच्या १९२० सालच्या कथेतल्या मिस ब्रिलला ‘भ्रमात जगणारी बाई’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दर रविवारी बागेत बसून ती अनोळखी लोकांचं बोलणं ऐकते. हे सगळं नाटक आहे आणि त्यात आपलीही भूमिका आहे, असं मनाशी ठरवते. कुणी दखलच घेत नसेल तर मन आणखी काय करणार? तरुण जोडप्याच्या टोमण्यांनी ते नाटक मोडतं. घरी गेल्यावरही रडण्याचा आवाज तिला फरचा गळपट्टा ठेवलेल्या पेटीतून आल्यासारखा वाटतो, स्वतःचा नाही! पण मला जास्त लागलं ते आधीचंच: बाकांवरची म्हातारी माणसं तिला विचित्र, अंधाऱ्या खोल्यांतून नुकतीच बाहेर आल्यासारखी दिसतात. आणि त्यांच्यात ती स्वतःला धरतच नाही.