डिस्प्ले ९,२०० ला आणि अख्खा फोन ९०० ला?

मला कुणीतरी हा हिशोब नीट समजावून सांगा. चार वर्षांपूर्वी १८,५०० रुपये मोजून घेतलेला फोन. मागच्या महिन्यात त्याच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उठली. बॅटरीनं तर त्याच्या आधीच दम सोडला होता, सकाळी फुल्ल केलेली जेवायच्या वेळेपर्यंत लाल व्हायची. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. कोटेशन मिळालं: डिस्प्ले ९,२००, बॅटरी १,७००, वर मजुरी, वर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून १३,००० च्या पुढं. घरी येऊन तोच फोन त्याच कंपनीच्या ॲपवर एक्स्चेंजला घालून बघितला. ९०० रुपये!

डिस्प्ले खराब आहे, मान्य. तो सोडून द्या. कॅमेरा चालतोय, मदरबोर्ड चालतोय, स्पीकर, माइक, फिंगरप्रिंट सगळं ठणठणीत आहे, बॉडीवर ओरखडा नाही. ह्या सगळ्याचे मिळून तुम्ही मला ९०० देणार आणि त्यातला एकटा पडदा मला ९,२०० ला विकणार? आणि वर मलाच विचारणार, "मॅडम, एवढा खर्च परवडतो का बघा"?

काउंटरवरच्या पोरानं फोन उघडूनसुद्धा बघितला नाही. कॉम्प्युटरमध्ये मॉडेल टाकलं, आकडा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्यात नवीन येतोय की." त्याच्या डोक्याच्या मागं भिंतीवर नो-कॉस्ट ईएमआयचा हा एवढा मोठा फ्लेक्स. पुढं एक फॉर्म सरकवला, सही करा म्हणून. त्यात काय? आतल्या डेटाची जबाबदारी आमची नाही, उघडल्यावर फोन बंद पडला तरी जबाबदारी आमची नाही, पार्ट यायला किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. म्हणजे १३,००० रुपये माझे, धोका माझा, वाट बघायची मी. त्या पोरावर माझा राग नाही, त्याला जेवढं बोलायला शिकवलंय तेवढं तो बोलतो. राग त्याला हे शिकवून तिथं बसवणाऱ्यांवर आहे.

आणि आता ते शहाणपण ऐका, जे घरात, ऑफिसात, पाहुण्यांत सगळे मला शिकवायला लागलेत. दुरुस्तीचा खर्च फोनच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त आला की नवीन घ्यायचा. मुलगा म्हणतो, "आई, कशाला जीव जाळतीस, ईएमआयवर टाक की नवीन." अरे, पण हे गणित मांडलं कुणी? पार्टचा भाव ठरवणार कंपनी. जुन्या फोनची किंमत पाडणारही कंपनी. अंशही त्यांच्या हातात, छेदही त्यांच्याच हातात, मग उत्तर कुणाच्या सोयीचं येणार? दर वेळी "नवीन घ्या" असंच येणार. ते तसं यावं म्हणूनच भाव लावलेत.

हे मी रागाच्या भरात म्हणते असं वाटत असेल तर २०१७ चा डिसेंबर आठवा. ॲपलनं कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेले आयफोन ते अपडेटमधून मुद्दाम धीमे करत होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून करत होतो, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण गिऱ्हाइकाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, आणि लोक बिचारे फोन म्हातारा झाला म्हणून नवे घेत होते. बोंबाबोंब झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला. बॅटरी तीच, फोन तोच. बाहेर लोक ओरडले म्हणून ५० डॉलर गळून पडले! म्हणजे ते ५० डॉलर कशाचे होते? पुढं २०२० मध्ये फ्रान्सनं त्यांना अडीच कोटी युरोचा दंड ठोकला, अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली. तिथल्या लोकांनी तक्रारी केल्या, कोर्टात खेचलं तेव्हा कुठं हे झालं.

बॅटरीचंच घ्या. लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. बहुतेक फोनमधली बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज एकदा चार्ज केला तर दीड-दोन वर्षांत तिथं पोचतो. बनवणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मग जी वस्तू दोन-तीन वर्षांत बदलावीच लागणार, ती गोंद लावून आत का पुरायची? पूर्वीच्या फोनचं मागचं झाकण नखानं निघायचं, इथल्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून नवी बॅटरी आणून घरात बसवायची, काम झालं. आता म्हणतात, पाणी आत जाऊ नये म्हणून सगळं बंद करावं लागतं. खोटं आहे हे. २०१४ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस५ काढला होता, त्याचं झाकण निघायचं, बॅटरी हातानं बदलता यायची आणि तरी तो आयपी६७ दर्जाचा होता, मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. करता येत होतं, केलेलं होतं, आणि मग बंद केलं.

शेवटी राजारामपुरीत एका गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडं गेले. टपरीएवढी जागा, पण माणसानं माझ्यासमोर फोन उघडला. आधी गरम पत्र्यावर फोनची पाठ टेकवून ठेवली, मग कडेनं प्लास्टिकची पातळ पट्टी घालत घालत झाकण सोडवलं. काळा गोंद च्युइंगमसारखा ताणला जात होता. बारके बारके स्क्रू काढून त्यानं चुंबकाच्या चटईवर ज्या त्या जागी मांडून ठेवले, कुठला कुठं जायला नको म्हणून. बॅटरी आतल्या बाजूनंही चिकटवलेली. कडेनं स्पिरिटचे थेंब सोडत, न वाकवता, जीव मुठीत धरून त्यानं ती उचलली, कारण वाकली किंवा टोचली तर पेटते. हातात घेऊन मला दाखवली, "ताई, फुगाय लागलीया बघा. अजून थोडं दिस ठेवली असती तर हिनंच आतनं पडदा उचलला असता." फुगलेली बॅटरी घेऊन मी स्वयंपाकघरात, गॅसजवळ वावरत होते. आणि सर्व्हिस सेंटरला ती उघडून बघायची गरज वाटली नव्हती!

मी विचारलं, कंपनीची बॅटरी नाही का तुमच्याकडं? तो म्हणाला, "आमास्नी देत न्हाईत, ताई. दिली असती तर मी काय नको म्हणलो असतो व्हय?" इथं माझं डोकं फिरलं. ज्याच्या हातात कला आहे त्याला पार्ट द्यायचा नाही, आणि ज्याच्याकडं पार्ट आहे तो फोन उघडत नाही. मग ह्या माणसानं करायचं काय? बाजारात जी मिळेल ती बॅटरी बसवायची. त्यानं त्यातल्या त्यात चांगली बसवली, ८५० रुपये घेतले, सहा महिने सांभाळतो म्हणाला. डिस्प्लेचं त्यानं स्वच्छ सांगितलं. कॉपी फोल्डर, म्हणजे नकली डिस्प्ले, २,८०० ला बसेल, पण रंग फिके पडतील आणि पडद्याखालचं फिंगरप्रिंट बंद होईल, कारण कॉपीत पॅनलच वेगळं असतं. दुसऱ्या बंद फोनमधून काढलेला ओरिजिनल मिळाला तर ५,५००, आणि गॅरंटी फक्त दुकानात टेस्टिंग होईपर्यंत. "पैसं घालू नगासा त्यात. रेघेनं काय काम अडत न्हाई." स्वतःचं गिऱ्हाईक सोडून दिलं त्यानं. आणि कंपन्यांच्या जाहिरातीत अशा माणसाकडं जाऊ नका म्हणून सांगतात, "अनधिकृत" म्हणून!

ती रेघ तरी कशानं येते? पडद्याच्या कडेला केसासारख्या तारांची पातळ पट्टी चिकटवलेली असते. तिथला एखादा सांधा गेला की त्या ओळीचे ठिपके पेटूनच राहतात. एवढ्याशा सांध्यासाठी सगळं बदलायचं, कारण काच, टच आणि पॅनल एकत्र चिकटवून एकच तुकडा केलाय. पूर्वी वरची काच फुटली तर काच बदलायचे, टच गेला तर टच. आता काहीही झालं तरी अख्खा फोल्डर.

माझे सासरे आयुष्यभर उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कामात होते. नदीकाठच्या गावागावांत त्या इंजिनांनी तीस-तीस वर्षं उसाला पाणी दिलं. नोझल गेला, नोझल घ्या. रिंगा झिजल्या, रिंगा घ्या. लायनर, बेअरिंग, गॅस्केट, ज्याला जे पाहिजे ते काउंटरवर रोख मिळायचं, मग तो कंपनीचा माणूस असो नाहीतर कागलचा मिस्त्री. कुणी त्याला विचारत नव्हतं तू अधिकृत आहेस का म्हणून. ह्याच कोल्हापुरात १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्या गावातल्या कारागिराला आज एक बॅटरी सरळ मार्गानं विकत मिळू नये, ह्याची चीड येत नाही का तुम्हाला?

बरं, पार्टचं जमवलं तरी दुसरीकडून गळा आवळलेला आहेच. माझ्या फोनला सिक्युरिटी अपडेट येणं कधीच बंद झालंय. फोन धडधाकट असला तरी आज ना उद्या बँकेचं ॲप म्हणणार, तुमचं अँड्रॉइड जुनं झालं, इथं चालणार नाही. गॅसची सबसिडी, आधारचा ओटीपी, पोराच्या कॉलेजची फी, दूधवाल्याचे पैसे, सगळं ह्या फोनवर आणून ठेवलंय आणि त्या फोनचं आयुष्य मात्र कंपनी ठरवणार. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हणून सांगितलं, पाठोपाठ २०२४ मध्ये सॅमसंगनं एस२४ ला तेच. म्हणजे देता येतात! पण ते ७५-८० हजारांच्या फोनला. बारा-पंधरा हजारांच्या बहुतेक फोनला अपडेट लवकर संपतात. ज्याला फोन जास्त वर्षं वापरायची गरज, त्याचाच फोन आधी म्हातारा ठरवायचा.

आणि सरकार काय करतंय? २०२२ च्या जुलैत ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. २०२५ च्या मे महिन्यात फोन किती दुरुस्त होण्याजोगा आहे त्याचे गुण छापायचे म्हणून अहवाल आला. समिती झाली, पोर्टल झालं, अहवाल झाला. राजारामपुरीतल्या त्या माणसाला बॅटरी मिळाली का? नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, पाच वर्षं अपडेट द्यायचे, बॅटरी ८०० चार्जनंतरही ८० टक्के टिकली पाहिजे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तर, काही अपवाद सोडले तर, गिऱ्हाइकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी द्यायचा नियम. तिथं धंदा करायचा म्हणून ह्याच कंपन्या हे गुमान करतात. आपल्याकडं? १ एप्रिल २०२० ला फोनवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के केला, आणि दुरुस्तीवरही तोच १८ टक्के. नवीन घेणाऱ्याला आणि जुना टिकवणाऱ्याला एकच माप.

कुणी मला विचारलं दुरुस्त करू का, तर मी सांगते: बॅटरी बदला, डोळे झाकून बदला, फोन वर्ष-दोन वर्षं सहज पुढं जातो. चार्जिंग होत नसेल तर फोन बंद करून आधी जॅकमधला कचरा लाकडी काडीनं हळू काढा, पर्सच्या तळातली धूळ तिथंच बसते. नाहीच झालं तर जॅक बदलायला काही शे रुपयांत काम होतं. मदरबोर्ड गेला तर मात्र पैसे घालू नका. अपडेट बंद झालेल्या फोनमध्ये महागडा डिस्प्लेही घालू नका. पण हे ठरवायची वेळ तुमच्यावर कुणी आणली ते विसरू नका, आणि "जुना फोन वापरते" म्हणून कुणी हसलं तर त्याला ९,२०० आणि ९०० चा हिशोब विचारा.

मी तर पुढचा फोन घेताना दुकानात पहिल्यांदा कॅमेरा बघणारच नाही. ह्या मॉडेलची बॅटरी कितीला, डिस्प्ले कितीला, अपडेट कुठल्या सालापर्यंत, तीन आकडे बिलाच्या मागं लिहून द्या म्हणणार. लिहून देत नसतील तर पायरी उतरून पुढच्या दुकानात. आणि तुम्हीही विचारा, प्रत्येक जण विचारा, दुकानदार कंटाळून कंपनीच्या माणसाला फोन लावेपर्यंत विचारा.