“कार्ड खराब दिलं, वर एसएमपीएस गळ्यात मारतात” या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. बाकी काही बोलण्याआधी एक विनंती आहे. साटाच्या प्लगमधून (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारा प्लग) आठ पिनी कनेक्टर काढणारी जी अडॅप्टर केबल तुम्ही ग्राफिक्स कार्डाला लावली आहे, ती आजच काढा. गेम चालू असताना कॅबिनेटजवळ प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. आमच्या दृष्टीने संपूर्ण रिव्ह्यूमधली तीच सगळ्यात गंभीर ओळ आहे. तुमच्या आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडला की रोजची कामं चालू राहतील. आणि मशीन असं अचानक बंद पडत असेल तर महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. डिस्कवर लिहिणं अर्धवट असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात.

इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. यांनी आमच्याकडून आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे आहेत, पण कॅबिनेट आणि त्यातला ५०० वॅटचा एसएमपीएस (मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आधीच्या मशीनचाच ठेवला आहे. एसएमपीएस बदला असं आम्ही सांगितलं, ते यांना पटलं नाही. त्यात आठ पिनी कनेक्टर नव्हता म्हणून यांनी अडॅप्टर मागितला, आम्ही दिला नाही. तो दुसरीकडून आणून लावला. आता गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मशीन बंद पडतं. कार्ड खराब आहे, आम्ही ते परत घेत नाही आणि त्यावर एसएमपीएस विकायला बघतो, असं यांचं म्हणणं आहे.

अडॅप्टर का दिला नाही ते आधी सांगतो. आमच्या काउंटरवरच्या मुलाने आडमुठेपणा केला असं तुम्ही लिहिलं आहे, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिनेची मर्यादा दीड अँपिअर असते. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. हार्ड डिस्क किंवा एसएसडीसाठी हे भरपूर झालं. आठ पिनी ग्राफिक्स कनेक्टर मात्र १५० वॅटपर्यंत देण्यासाठी बनवलेला असतो. तो एका साटा प्लगवर जोडणं धोक्याचं आहे. दोन प्लगवर जोडला तरी हिशेब १०८ वॅटच्या पुढे जात नाही, आणि बहुतेक वेळा ते दोन्ही प्लग एसएमपीएसमधून निघणाऱ्या एकाच वायरवर असतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. तुमच्या कार्डाचा आकडा १७० आहे, म्हणजे उरलेले सुमारे ९५ वॅट त्या बारीक पिनांमधून ओढले जातात, तेही तासन्‌तास. पिना तापतात, प्लास्टिक मऊ पडतं, पकड सैल होते आणि मग त्या आणखी तापतात. तुम्हाला येतो तो वास याचाच असण्याची शक्यता फार आहे. ही केबल बाजारात सहज मिळते हे खरं. आमच्या दुकानात ती ठेवतच नाही, आणि उद्या कोणी कितीही रागावलं तरी ठेवणार नाही.

आता ५०० वॅटबद्दल. “कार्डाच्या बॉक्सवर ५५० लिहिलंय, माझा ५०० आहे, पन्नासने काय फरक पडतो?” हा तुमचा प्रश्न अगदी वाजवी आहे. फरक खरोखरच पन्नासचा असता तर आम्हीही आधी लावून बघा म्हटलं असतं. पण तुम्ही एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाकला आहे, तो मोठा करून पाहा. मोठ्या अक्षरातल्या ५०० खाली एक तक्ता आहे. त्यात ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३० अँपिअर आणि १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर लिहिले आहेत. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर कितीही अँपिअर छापलेले असोत, ते कार्डाच्या उपयोगाचे नाहीत.

ही मांडणी जुन्या काळातली आहे. एकेकाळी प्रोसेसरला वीज मुख्यतः ५ व्होल्टवरून मिळायची. २००० साली पेंटियम ४ च्या वेळी प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनी कनेक्टर आला आणि भार हळूहळू १२ व्होल्टकडे सरकला. चांगल्या एसएमपीएसमध्ये त्यानुसार बदल झाले. स्वस्त एसएमपीएसमध्ये जुनीच मांडणी पुढे चालू राहिली आणि वर मोठा आकडा छापला गेला.

तुमच्या मशीनचा हिशेब असा आहे. कार्ड १७० वॅट. प्रोसेसरच्या नावापुढे ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो टर्बोमध्ये, म्हणजे जोरात काम करताना, ११७ वॅटपर्यंत जातो, हा आकडा इंटेलनेच दिलेला आहे. दोन्ही मिळून २८७. पंखे आणि डिस्क अजून धरलेच नाहीत. उपलब्ध २१६. गेममध्ये प्रोसेसर सहसा पूर्ण ११७ घेत नाही, म्हणून मशीन काही मिनिटं तरी तग धरतं. शिवाय ग्राफिक्स कार्ड स्थिर वीज घेत नाही. क्षणाच्या अगदी बारीक भागासाठी ते आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळतं. हे उसळणं इतकं त्रासदायक ठरू लागलं की २०२२ साली आलेल्या, एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० मानकात त्यासाठी नियमच केला गेला: त्या मानकाच्या मोठ्या एसएमपीएसनी १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलला पाहिजे. तुमचा एसएमपीएस त्याच्या फार आधीचा आहे.

“मल्टिमीटरने मोजलं, १२.१ व्होल्ट आले, म्हणजे एसएमपीएस ठणठणीत आहे,” असं तुम्ही लिहिलं आहे. मोजलंत हे चांगलं केलंत, इतकं कुणी करत नाही. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६ मधलं काहीही ठीक. पण तुम्ही डेस्कटॉप नुसता उघडा असताना मोजलं आहे. त्या वेळी भारच नसतो. गेम चालू असताना तो आकडा किती खाली येतो, ते महत्त्वाचं. मल्टिमीटरला क्षणिक उसळ्या तर दिसतच नाहीत. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ या नोंदीचंही तसंच. विंडोज नीट बंद न होता मशीन थांबलं, एवढंच त्यातून कळतं. दोष कुणाचा हे ती नोंद सांगत नाही.

दोषाची खूण तुमच्याच वर्णनात आहे. मशीन एका झटक्यात पूर्ण बंद होतं, पंखेसुद्धा थांबतात, आणि मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उठत नाही. एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो तेव्हा नेमकं असंच होतं. कार्ड खराब असतं तर बहुधा स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेघा दिसल्या असत्या, ड्रायव्हर बंद पडला असता, किंवा स्क्रीन काळी होऊनही पंखे फिरत राहिले असते. यूपीएस काढून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडूनही तेच झालं असं तुम्ही सांगता, त्यामुळे तो प्रश्नही मिटला.

तुम्ही कार्ड परत आणलंत तेव्हा ते आमच्या टेबलवरच्या मशीनमध्ये तुमच्यासमोर पूर्ण भारावर चालवलं होतं. ना ते बंद पडलं, ना स्क्रीनवर काही दिसलं. म्हणून ते सदोष म्हणून कंपनीकडे पाठवलं नाही. पाठवलं असतं तर तपासून जसंच्या तसं परत आलं असतं, आणि तेवढे दिवस तुमच्या हातात कार्डही नसतं. तुम्हाला यात टाळाटाळ वाटली, पण आम्हाला ते नुसतं वेळ घालवणं वाटलं.

विक्रीचा आरोप राहिला. या धंद्यात “एसएमपीएस बदला” हे फार सहज म्हटलं जातं, त्यामुळे ग्राहकाने संशय घेतला तर आम्हाला नवल वाटत नाही. म्हणूनच स्पष्ट लिहितो: एसएमपीएस आमच्याकडून घेऊ नका, हवा तिथून घ्या. तुम्हाला ८५० वॅटचीही गरज नाही आणि ७५०चीही नाही. नामांकित कंपनीचा ५५० पुरेल. फक्त लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास आहेत ना आणि सहा अधिक दोन, म्हणजे आठ पिनांचा ग्राफिक्स कनेक्टर एसएमपीएसच्याच केबलवर आहे ना, हे पाहा. ८० प्लसचं चिन्ह असेल तर उत्तम, पण ते भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते याबद्दल असतं. कनेक्टर किती आहेत, संरक्षण कसं आहे, हे त्यातून कळत नाही. तुमचं कॅबिनेट नेहमीच्या एटीएक्स मापाचं आहे, त्यामुळे बसण्याची अडचण नाही. (बारीक चणीचे कंपनी-मेड डेस्कटॉप असलेल्या वाचकांनी मात्र आधी उघडून पाहावं. त्यांच्यात एसएमपीएसचं मापही वेगळं असतं आणि मदरबोर्डचा कनेक्टरही बरेचदा २४ पिनी नसतो.)

एसएमपीएस बदलायचाच नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे जास्तीचा कनेक्टर न लागणारं कार्ड. उदाहरणार्थ, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं आणि बहुतेक वेळा फक्त स्लॉटवरून वीज घेतं. तुमचं कार्ड सुस्थितीत असेल तर बदलून द्यायची आमची तयारी आहे. तरीही मनापासून सांगायचं तर ७० आणि ११७ मिळून १८७ होतात, आणि इतक्या जुन्या एसएमपीएसवर तोही भार मला निर्धास्तपणे टाकवणार नाही. आतले कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षं कमजोर होत जातात. लेबलवरचे १८ अँपिअर आज तितके उरलेही नसतील.

मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस आणून बघणार आहात असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. जरूर बघा, याहून चांगली चाचणी नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. तो मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा असेल तर त्याच्या सगळ्या केबल सोबत आणा, दुसऱ्या एसएमपीएसची एकही केबल त्याला लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. चुकीची केबल लागली तर एसएसडी जागच्या जागी जळू शकते. दुसरं, प्रोसेसरचा चार अधिक चार पिनी कनेक्टर कार्डात जबरदस्तीने घालू नका. तो आठ पिनीच दिसतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात.

त्या एसएमपीएसवर अडॅप्टरशिवाय थेट केबल लावूनही मशीन बंद पडलं, तर कार्ड आणि बिल घेऊन या. पुन्हा कुठलीही चाचणी न मागता त्याच दिवशी वॉरंटीचा दावा दाखल करू. तोवर वापरायला दुकानातलं एक कार्ड देऊ.