गांडुळं विकत आणून रानात सोडू नका

मृग जवळ आला की रावेर-यावलकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: "खान्देशच्या उन्हात गांडुळं मरतात, म्हणून दरवर्षी नवी आणून शेतात सोडा. युरियाचा दाणा पडला तरी ती संपतात. कुदळीने तुटलं तर काळजी नको, एकाची दोन होतात." हे वाचून माणसं पैसे घालवतात. मीही घालवले, म्हणून लिहितोय.

विकत मिळतं ते बहुधा आयसेनिया फेटिडा, गांडूळखताच्या बेडातलं लालसर गांडूळ. ते कुजणाऱ्या शेणापाल्याच्या थरात राहतं आणि तिथे खत झपाट्याने करतं. उघड्या काळ्या रानात त्याला खायला मिळत नाही, खोल बीळही करता येत नाही. कपाशीत सोडलेली मी आठवड्याने उकरून पाहिली, एकही हाती लागलं नाही. त्याला बेडातच राहू द्या, शेतात त्याचं खत टाका.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, जमीन भेगाळते, हे खरंच आहे. गांडूळ कातडीने श्वास घेतं, अंग ओलं असेल तरच जगतं. पण लॅम्पिटो मॉरिशीसारखी मातीत बीळ करून राहणारी गांडुळं ओल आटू लागली की खाली सरकतात. तिथे मातीची लहानशी कोठडी करतात, अंगच्या चिकट द्रवाने ती आतून लिंपतात आणि गाठ मारल्यासारखं वेटोळं करून पडून राहतात. पाऊस मुरला की उठतात. मातीत त्यांच्या अंड्यांचे कोशही असतात. जूनमध्ये दिसणारी गांडुळं आभाळातून पडत नाहीत, ती तुमच्याच रानातली असतात.

एकाची दोन होत नाहीत. घाव मागच्या बाजूला बसला तर तोंडाकडचा भाग कधीकधी जगतो, त्याला आखूड शेपूट फुटतं. मागचा तुकडा नुसता वळवळतो आणि मरतो. रोटाव्हेटर फिरवणाऱ्याने हे विसरू नये.

युरियाबद्दल अर्धंच खरं आहे. दाणा थेट अंगावर पडला तर इजा होते, पण मापात आणि पाण्यासोबत दिलेल्या युरियाने अख्खं रान ओस पडत नाही. कार्बोफ्युरानसारखं दाणेदार कीटकनाशक मात्र गांडुळांना फार विषारी आहे. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, याचा मला राग येतो.

गांडुळाला हवा असतो चारा आणि सावली. घड कापल्यावर आपण केळीची खोडं बांधावर फेकतो. मर रोगाची बाग नसेल तर ती चिरून, तुकडे करून ओळींमध्ये पसरा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवू नका, बारीक करून रानातच टाका. ऑगस्टमध्ये वाफसा आला की फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, माती पोत्यावर फोडा आणि गांडुळं मोजून वहीत लिहा. पुढच्या ऑगस्टला त्याच जागेलगत पुन्हा मोजा.