मृत्यूदर मोजून भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर,

आयसीयूतल्या सेप्सिस-उपचारांचा (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) दर्जा कसा मोजावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेशंट जगला की दगावला एवढंच खरं, कोणतं औषध किती वेळात दिलं याचे तासा-मिनिटांचे हिशेब म्हणजे अमेरिकेतले कागदी घोडे, ते इथे आणले तर तापाच्या प्रत्येक पेशंटला मेरोपेनेमसारखं जालीम प्रतिजैविक लागेल, आणि छोट्या आयसीयूत हे सगळं भरायला माणूस कुठला? यातली मेरोपेनेमची भीती रास्त आहे. पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही.

समजा, एका आयसीयूत वर्षाला सेप्सिसचे ६० पेशंट आले आणि १८ दगावले. मृत्यूदर ३० टक्के. इतक्या कमी संख्येवर खरा दर २० ते ४२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढच्या वर्षी १३ दगावले तर सुधारणा झाली म्हणून पेढे वाटायचे की नशीब म्हणायचं? आकडा ते सांगू शकत नाही.

शिवाय मृत्यू कुणाच्या खात्यावर पडतो ते बघा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला पेशंट आधी आरोग्य केंद्रात, मग म्हापशाला आझिलो या जिल्हा इस्पितळात आणि शेवटी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचतो. दक्षिणेकडच्या काणकोणचा पेशंट मडगावच्या हॉस्पिसियो इस्पितळामार्गे येतो. उशीर वाटेत झालेला असतो, नोंद मात्र शेवटच्या खाटेवर होते. खाजगी इस्पितळातून ‘पुढे पाठवलेला’ किंवा नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेलेला पेशंट त्या इस्पितळाच्या मृत्यूंत मोजलाच जात नाही. म्हणून मृत्यूदर धरायचाच असेल तर दाखल झाल्यापासून तिसाव्या दिवशी फोन करून धरावा, आणि त्यात पाठवलेले नि घरी नेलेलेही घ्यावेत.

‘अपाची स्कोअर (पेशंट किती गंभीर आहे ते सांगणारे गुण) काढून अपेक्षित मृत्यूंशी तुलना करू’ हे तुम्ही सुचवलेलं उत्तर ऐकायला छान आहे. पण अपाची-२ हा १९८५ सालचा, अमेरिकेतल्या पेशंटांवर बेतलेला. त्यात आयसीयूतल्या पहिल्या २४ तासांतले सर्वांत वाईट आकडे धरतात. पेशंटला आधीच्या इस्पितळाने नीट सावरून पाठवलं तर त्याचा स्कोअर कमी येतो, म्हणजे तुमचे अपेक्षित मृत्यू घटतात. उलट तुमच्याच आयसीयूत पहिले सहा तास हलगर्जीपणा झाला तर रक्तदाब आणखी पडतो, किडनी बिघडल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन चढतं, स्कोअर वाढतो आणि प्रत्यक्ष नि अपेक्षित मृत्यूंचं गुणोत्तर तुमच्या बाजूने झुकतं. ढिसाळपणाला बक्षीस देणारं मोजमाप एकट्याने वापरू नये.

आता घड्याळाकडे येऊ. अमेरिकेतल्या केंद्रीय आरोग्य-विमा योजनेचा सेप्सिस-उपचारांसाठीचा २०१५चा निकष ‘सगळं किंवा काहीच नाही’ पद्धतीचा आहे, आणि त्यावरची तुमची टीका मला मान्य आहे. उपचारातल्या पाच गोष्टी प्रत्येकी ९० टक्के वेळा नीट झाल्या तरी पाचही नीट झालेले पेशंट फक्त ५९ टक्के निघतात, आणि नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी वाचावी. सगळ्यांचं वजनही सारखं नसतं. न्यूयॉर्क राज्याच्या सक्तीच्या नोंदींचा २०१७ साली अभ्यास झाला, त्यात १४९ इस्पितळांतले सुमारे ४९ हजार पेशंट होते. प्रतिजैविकाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. सलाईन पूर्ण व्हायला किती वेळ लागला याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणून वजनाच्या किलोमागे ३० मिलि सलाईन, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला १८०० मिलि, हा आकडा मी उद्दिष्ट म्हणून फळ्यावर लावणार नाही. सलाईन दिल्यावर पेशंट पुन्हा तपासला का, याची नोंद बघेन. आणि १०८मध्ये नि आधीच्या इस्पितळात गेलेलं सलाईन बेरजेत धरेन. ते हमखास राहून जातं.

मेरोपेनेमचं काय? २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिजैविकासाठी एक तासाची मर्यादा शॉक (रक्तदाब कोसळलेली अवस्था) असलेल्यांना आणि सेप्सिसची दाट शक्यता असलेल्यांना आहे. शॉक नाही आणि निदानही धूसर आहे अशांची आधी झटपट तपासणी करावी, संशय उरलाच तर तीन तासांच्या आत औषध द्यावं. तेव्हा एक तासाची टक्केवारी शॉकच्या पेशंटांपुरती काढा. सोबत दुसरा आकडा ठेवा: तिसऱ्या दिवशी किती जणांचं प्रतिजैविक बंद किंवा मर्यादित केलं. पहिला चढतोय आणि दुसरा घसरतोय, तर तुमची भीती खरी ठरतेय.

वेळ पाळली म्हणजे औषध बरोबर, असंही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप) नि लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) हेच सेप्सिसचं सोंग घेऊन येतात. स्क्रब टायफसवर मेरोपेनेमचा काहीच उपयोग नाही. तिथे डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लागतं. मेरोपेनेम चाळिसाव्या मिनिटाला गेलं म्हणून अमेरिकन तक्त्यात बरोबरची खूण पडेल आणि पेशंटला उपचार मिळालेलाच नसेल. म्हणून जून ते नोव्हेंबर, कारण न सापडलेल्या तापात पहिल्या डोसांबरोबर डॉक्सिसायक्लिन गेलं का, असा एक रकाना गोव्यातल्या तक्त्यात हवाच. डेंग्यू ठरलेले पेशंट वेगळे काढा, नाहीतर त्यांना प्रतिजैविक न देणं हीच चूक मोजली जाईल. मलेरियात आर्टेसुनेट या त्यावरच्या औषधाची वेळ धरा.

रक्ताच्या कल्चरवर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) ‘घेतलं’ एवढीच खूण असते, आणि तिथेच फसगत होते. प्रौढ पेशंटकडून दोन संच, दर बाटलीत ८ ते १० मिलि रक्त, आणि प्रतिजैविकाआधी. (कल्चरसाठी शॉकच्या पेशंटचं प्रतिजैविक पाऊण तासापेक्षा जास्त थांबवू नये.) प्रत्यक्षात एकाच बाटलीत ३ मिलि पडतं आणि अहवाल ‘वाढ नाही’ येतो. बाटली आधी आणि नंतर वजन करा: १० मिलि रक्ताचं वजन साधारण साडेदहा ग्रॅम. महिन्याला वीस बाटल्या तोलल्या तरी पुरे. त्वचेवरच्या जंतूंनी दूषित निघालेल्या कल्चरचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असावं.

लॅक्टेटचा (शॉकमध्ये रक्तात वाढणारा घटक) नमुना साध्या नळीत तासभर पडून राहिला तर आकडा नुसताच चढतो. राखाडी बुचाची नळी वापरावी किंवा नमुना लगेच रक्तातले वायू तपासणाऱ्या एबीजी मशीनवर लावावा. साचलेला पू किंवा लघवी तुंबलेली किडनी असेल तर निदानापासून निचरा होईपर्यंतचे तास लिहा. हा आकडा सहसा कुणी ठेवतच नाही, कारण त्यात सर्जरी, युरॉलॉजी, भूल सगळ्यांची नावं येतात.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. नव्या फॉर्मची गरज नाही. आहे त्याच चार्टवर तीन घटनांची घड्याळातली वेळ लिहायची: रक्तदाब किंवा श्वास पहिल्यांदा बिघडलेला नोंदला ती (आधीच्या इस्पितळाच्या केसपेपरवरची असली तरी तीच), ऑर्डर लिहिली ती, आणि औषध प्रत्यक्ष सुरू झालं ती. हिशेबाची सुरुवात आयसीयूत शिरल्याच्या वेळेपासून धरू नका. पेशंट शोधायचे ते मृत्यूच्या दाखल्यांवरून नव्हे, तर कल्चरचं रजिस्टर आणि फार्मसीच्या नोंदींवरून; नाहीतर वाचलेले गळतात. सरासरीऐवजी मधला आकडा काढा आणि दहातला सर्वांत उशिराचा एक बघा, कारण रात्रपाळीतला गोंधळ तिथेच दिसतो. मॉनिटर, भिंत आणि लॅब यांची घड्याळं महिन्यातून एकदा जुळवा. आणि सगळ्या वेळा ८:००, ९:००, १०:०० अशाच दिसल्या तर टक्केवारी काढायच्या फंदात पडू नका. तो चार्ट ड्यूटी संपताना बसून भरलेला आहे.